पाणी की दरी?

व्हिक्टोरिया धबधबा पाहून आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न विचारले जातात. खर्च किती येतो, तिकडे शाकाहारी जेवण मिळते का, आणि कोणत्या महिन्यात जावे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी चुटकीसरशी देते. तिसऱ्यापाशी येऊन मात्र अडखळते. विचारणाऱ्याला वाटते, बाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, दोनदा तिथे जाऊन आल्या, आणि एवढे साधे सांगता येत नाही! सांगता येत नाही असे नाही. पण ज्या दिवसापासून मी तो प्रश्न मनाशी उलगडू लागले, त्या दिवसापासून तो महिन्याचा राहिलेलाच नाही. एखादी गोष्ट तिच्या ऐन बहरातच पाहावी हा हट्ट कितपत बरोबर, आणि बहर तरी कशाला म्हणायचे, असे त्याचे रूप होऊन बसले आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याजोगा हा विषय आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण प्रवासाचे बेत आपल्या घरांतून फराळाच्या ताटांवरच ठरतात. तेव्हा तो अगदीच अस्थानी ठरू नये.

आधी थोडा भूगोल. झांबिया आणि झिंबाब्वे या दोन देशांच्या सीमेवरून वाहता वाहता झांबेझी नदी एकाएकी जमिनीच्या पोटात उडी घेते. 'पोटात' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. आपल्या मनातला धबधबा डोंगरकड्यावरून मोकळ्या दरीत कोसळत असतो आणि आपण लांबच्या एखाद्या टेकाडावर उभे राहून तो पाहत असतो. इथे डोंगरच नाही. सपाट पठार, त्यावर ऐसपैस पसरलेली नदी, आणि त्या काळ्या बसाल्टच्या पठाराला (आपल्या सह्याद्रीचाच जातभाई तो!) आडवी पडलेली एक भेग. सुमारे १,७०० मीटर रुंदीचा प्रवाह त्या भेगेत पडतो. खोली जास्तीत जास्त १०८ मीटर. भेगेची समोरची भिंत धबधब्याच्या माथ्याइतकीच उंच आहे आणि अगदी जवळ आहे. पाहणारा उभा राहतो तो त्या समोरच्या भिंतीच्या काठावर. अख्खी नदी आणि आपण, यांच्यामध्ये अंतर म्हणाल तर शंभर-सव्वाशे मीटरांचे.

सगळी गंमत आहे ती या जवळिकीत. नदी भरलेली असली म्हणजे त्या अरुंद भेगेत आदळलेले पाणी तुषार होऊन वर चढते, शेकडो मीटर उंच जाते, आणि वीस-तीस किलोमीटरांवरून ढगासारखे दिसते. लांबच्याला दिसते, पण समोर उभ्या असलेल्याला मात्र पांढऱ्या पडद्यावाचून काही दिसत नाही. पाणी ओसरले की पडदा विरतो. मग भेग तळापर्यंत दिसते, खडकाचे थर दिसतात, कुठली धार कुठून निघते ते मोजता येते. पण तोवर पडायला पाणीच फारसे उरलेले नसते. म्हणजे धबधबा असतो तेव्हा दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा निम्माअधिक नसतो.

नदीचे पंचांगही आपल्या अंदाजाला चकवणारे आहे. तिकडचा पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. साहजिकच वाटते, पावसाळ्यात धबधबा भरलेला असणार. पण झांबेझीला पाणी पुरवणारा मुख्य पाऊस पडतो तो शेकडो किलोमीटर दूर, अंगोलात आणि झांबियाच्या वायव्येला. ते पाणी वाटेत बारोत्सेच्या विस्तीर्ण मैदानात पसरते, गवतात मुरते, रेंगाळते, आणि सावकाश खाली येते. मार्च-एप्रिल-मेमध्ये ते कड्यावर पोहोचते. तेव्हा डोक्यावरचे आभाळ बहुधा निरभ्र झालेले असते. उलट, नोव्हेंबरात धबधब्यावर पहिल्या सरी कोसळतात तेव्हा नदी वर्षातली सर्वांत रोडावलेली असते. पुराच्या दिवसांत उन्हाळ्याच्या दसपट पाणी असते, कधी त्याहूनही अधिक. आज आपल्या डोळ्यांसमोर पडणारे पाणी म्हणजे कधीचा तरी, कुठला तरी पाऊस. मुलांना हे शिकवताना मी उगाचच रंगून जात असे.

आता योगायोग पाहा. मराठी कुटुंबाला लांबच्या प्रवासाच्या सुट्ट्या दोनच : एक मे महिन्याची आणि एक दिवाळीची. या दोन सुट्ट्या त्या नदीच्या दोन टोकांवर नेमक्या जाऊन बसल्या आहेत. मे म्हणजे भरतीचे दिवस. दिवाळी म्हणजे ओहोटीचे. मधला, 'थोडे पाणी आणि थोडी दरी' असा जुलै-ऑगस्टचा सोयीस्कर काळ, की ज्याची शिफारस पर्यटनवाले करतात, तो आपल्या शाळांच्या चाचणी परीक्षांत जातो. त्यामुळे निवड करायची ती या टोकाची किंवा त्या टोकाची.

मी पहिल्यांदा गेले ती २०१९ च्या दिवाळीत. माझा भाचा तेव्हा नोकरीनिमित्त लुसाकाला होता. ऑक्टोबर हा तिकडचा वैशाख. झाडांची पाने करपलेली, धूळ, आणि पाऊस अजून लांब. आदल्या पावसाळ्यात दक्षिण झांबियाला दुष्काळाने गाठले होते. झांबेझीच्याच पाण्यावर, धबधब्याच्या पुष्कळ खाली, कारिबाचे प्रचंड धरण आहे. दोन्ही देशांची वीज मोठ्या प्रमाणात तिथून येते. ते धरण खाली गेले होते, आणि शहरातून रोज कितीतरी तास वीज नसे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही ती गेली. भाचेसुनेने पणत्या लावल्याच होत्या. "मावशी, यंदा खरी दिवाळी," ती हसत म्हणाली. शेजारच्या घरांतून मात्र कोळशाच्या शेगडीचा धूर येत होता, आणि तिथे कुणी हसत असेल असे मला वाटले नाही.

दोन दिवसांनी आम्ही पावणेपाचशे किलोमीटर मोटारीने जाऊन लिव्हिंगस्टन गावी पोहोचलो. झांबियाच्या बाजूचा पूर्वेकडचा कडा म्हणजे एक लांबच लांब काळी भिंत होती. तिच्यावर चारदोन ठिकाणी, ओल्या धोतराच्या निऱ्या वाळत घालाव्यात तशा धारा. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने आमचे चेहरे पाहिले असावेत. त्याने मला विचारले, "बाई, तुम्हांला पाणी पाहायचे होते की दरी?" मी म्हटले, "दोन्ही." तो म्हणाला, "दोन्ही एकदम नसते." पुढे तो म्हणाला की एप्रिलात येणारे लोक याच जागी उभे राहून दरी कुठे आहे असे विचारतात. त्याच्याशी आणखीही बोलणे झाले; ते पुढे सांगते.

खरे सांगायचे तर त्या कोरड्या कड्याने मी निराश झाले नाही. हाडे दिसत होती नदीची! भूगोलाच्या शिक्षिकेला आणखी काय हवे? धबधब्याच्या खालच्या अंगाला घळींची नागमोडी ओळ आहे. त्यांतली एकेक घळ म्हणजे पूर्वीच्या काळचा एकेक धबधबा. खडकातल्या कच्च्या रेषा शोधीत नदी मागे मागे सरकत आली आहे, आणि पश्चिमेच्या टोकाला, जिथे कडा खचून सखल झाला आहे आणि उन्हाळ्यातही पाणी खळत नाही, तिथे तिने पुढची भेग कोरायला घेतली आहे. हे सारे भर पुरात दिसत नाही. तेव्हा 'धबधबा' नावाची एक कायमची वस्तू तिथे ठेवलेली आहे, आणि आपण फक्त तिच्यावरचा पडदा केव्हा दूर होतो एवढे पाहायचे, हा समज तिथल्या तिथे सोडून द्यावा लागतो.

डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी इथे आला तो १६ नोव्हेंबर १८५५ या दिवशी. पंचांगाचा हिशेब केला तर आपल्याकडची त्या वर्षीची दिवाळी उलटून जेमतेम आठवडा झाला होता. म्हणजे तोही आला आमच्यासारखाच, नदी रोडावलेली असताना! म्हणूनच त्याची होडी थेट कड्याच्या ओठावरच्या बेटाला लागू शकली. एप्रिलात आला असता तर त्या बेटाकडे वळण्याची कुणाची छाती झाली नसती. बेटाच्या टोकाशी जाऊन त्याने खाली डोकावून पाहिले आणि खोली अंदाजली शंभर फूट. प्रत्यक्षात ती साडेतीनशेच्या घरात आहे. १८६० साली तो पुन्हा आला आणि दोरीला वजन बांधून त्याने ती मोजली, तेव्हा आकडा तिपटीवर गेला. दरी अगदी स्वच्छ दिसण्याच्या ऋतूत, अगदी काठावर पडून पाहणाऱ्या, चांगली नजर असलेल्या माणसाची ही गत. तेव्हा दिसले म्हणजे कळले, असेही नाही.

नावाचेच पाहा ना. लिव्हिंगस्टनने आपल्या राणीचे नाव दिले. त्या नावाला ऋतूच नाही. ते पुतळ्याला द्यावे, रस्त्याला द्यावे, आगगाडीच्या स्थानकाला द्यावे, कुठेही शोभते. त्याच्याबरोबरचे कोलोलो लोक मात्र त्या जागेला 'मोसी-ओआ-तुन्या' म्हणत. गर्जणारा धूर. हे नाव भरल्या पाण्याचे आहे, आणि लांबून दिलेले आहे. धूर लांबूनच दिसतो, गर्जना लांबूनच आधी ऐकू येते. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी समोर उभे राहून दरी न्याहाळण्याचा हट्ट धरलेला दिसत नाही. १९८९ साली धबधबा जागतिक वारशाच्या यादीत गेला तो दोन्ही नावांनी. यादीकरांनी यात तरी चांगली समज दाखवली.

दुसऱ्यांदा मी गेले ती २०२३ च्या एप्रिलअखेर. 'गर्जणारा धूर' मला मोटारीतून उतरायच्या आधीच भेटला. काठावरून जाणारी पायवाट एका चिमुकल्या जंगलातून जाते. सभोवार सगळा कोरड्या रानाचा मुलूख, आणि इथे मात्र नेचे, ताड, उंच सदाहरित झाडे. बारमाही तुषारांवर वाढलेली ही हिरवी पट्टी धबधब्याच्या ओलाव्यापलीकडे चार पावलेही जात नाही. आम्ही भाड्याने घेतलेले रेनकोट चढवले, आणि पाच मिनिटांत ते नसल्यासारखेच झाले. पाऊस वरून पडत होता, खालून पडत होता, आडवा येत होता. समोर पांढरे. डावीकडे पांढरे. पायाखालची जमीन हलकेच थरथरते आहे असे वाटत होते. शेजारी कुणी एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा छातीशी धरून उभे होते आणि आपल्या पत्नीला सांगत होते की पैसे फुकट गेले. त्यांना काहीच दिसत नव्हते, हे खरेच होते. मलाही दिसत नव्हते. मी पाऊण तास तिथे उभी राहिले. मध्येच वाऱ्याने पडदा क्षणभर फाटला, पाण्याचा एक प्रचंड, हिरवट तुकडा कोसळताना दिसला, आणि पुन्हा मिटले.

मी धबधबा केव्हा पाहिला? पहिल्या वेळी की दुसऱ्या वेळी? पाहायला मध्ये अंतर लागते. पाहणारा आणि वस्तू यांच्यात थोडी रिकामी जागा लागते. ती वस्तू आपल्या पूर्णपणाला आली की ती जागाही भरून टाकते. मग डोळ्यांचे काम संपते. कान, कातडी, तळपाय यांचे सुरू होते. आपल्या भाषेत याला 'दर्शन' म्हणावे का, यावर मी पुष्कळ विचार केला. एकादशीला पंढरीच्या गर्दीत मूर्ती डोळाभर न दिसताच पुढे लोटला गेलेला वारकरी दर्शन झाले असेच सांगतो, आणि त्याला आपण खोटा म्हणत नाही. पण कॅमेरेवाल्या गृहस्थांना खोटे म्हणणेही मला जमत नाही. दोन हजार मैलांवरून यायचे आणि धुक्याकडे पाहून परतायचे, यात फसवणूक झाल्याची भावना होणे माणसासारखेच आहे.

आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पण त्या गोष्टीत एक सवलत आहे : हत्ती पूर्ण पाहणारा कुणीतरी, निदान गोष्ट सांगणारा तरी, तिथे उभा असतो. धबधब्याच्या बाबतीत तो कुठे आहे? १९०७ पासून त्या ठिकाणच्या प्रवाहाची मोजदाद ठेवलेली आहे. त्या नोंदी मांडून आलेख काढला तर वर्षाचा सगळा चढउतार एका नजरेत येतो. मी तो वर्गात फळ्यावर काढीत असे. पण फळ्यावरच्या त्या रेषेने कुणाचे धोतर भिजले नाही, की कुणाचे घसे कोरडे पडले नाहीत.

इथवर प्रश्न डोळ्यांचा होता. तो नीतीचा केव्हा होतो ते सांगण्यासाठी मला माझ्या मामांकडे वळले पाहिजे.

मामा शाळेत मराठी शिकवीत. त्यांचा आवाज असा की ते कविता म्हणू लागले की शेजारच्या वर्गातली गडबड आपोआप थांबे. शेवटच्या आजारात तोच आवाज गेला. आठ महिने ते अंथरुणावर होते, आणि बोलायचे ते पाटीवर लिहून. त्यांचे एक बालमित्र गावातच राहत असत. चाळीस वर्षे ज्यांच्याशिवाय मामांचा चहा झाला नाही, असे. त्या आठ महिन्यांत ते एकदाही आले नाहीत. निरोप पाठवला : "त्याची ती मूर्तीच माझ्या डोळ्यांपुढे राहू दे. याला मी पाहू शकणार नाही." मामी डोळे पुसत म्हणाली, "किती जीव आहे बघा त्यांचा." मामांनी पाटी ओढली आणि लिहिले, "मूर्ती पाहायची तर देवळात जावे."

त्या मित्राचे प्रेम खोटे होते, असे मी आजही म्हणणार नाही. असे म्हणणारी पुष्कळ माणसे आपल्या घराघरांतून असतात, आणि ती काही कठोर नसतात. उलट जरा अधिकच हळवी असतात. त्यांना प्रिय माणसाचे वैशाखवण पाहवत नाही. पण मला प्रश्न पडतो तो असा : त्यांनी जपलेल्या त्या मूर्तीत मामांचा स्वतःचा वाटा किती उरला होता? ती मित्राची मालमत्ता झाली होती. पाटीवर लिहिणारे मामा अजून गमतीचे होते, अजून चिडत होते, पेढ्याचा वाटाणाभर तुकडा जिभेवर ठेवून मिटक्या मारीत होते. आणि हे सारे ज्याने पाहायचे त्याने आपल्यापुरता ऋतू निवडून ठेवला होता. आपण 'चांगला महिना कोणता' असे विचारतो तेव्हा पुष्कळदा आपल्याला विचारायचे असते ते हे, की उरलेल्या महिन्यांपासून आम्ही सुटू कसे?

पण थांबा. याचीही दुसरी बाजू आहे, आणि दिवाळीच्या अंकात ती न सांगणे कृतघ्नपणाचे होईल. आपण स्वतःच वर्षातून चार दिवस घराला त्याच्या ऐन बहरात आणून बसवतो. सारवण, रांगोळी, आकाशकंदील, कडबोळ्यांचा डबा वर आणि फुटक्या बश्या आत. त्या चार दिवसांत आलेला पाहुणा घर पाहत नाही, तर फराळ पाहतो, असे म्हणता येईल. श्रावणात ओल्या कपड्यांच्या दोरीखालून वाकत जो आत येतो तो खरा घरचा. सगळे कबूल. तरीही त्या चार दिवसांच्या घराला आपण खोटे म्हणत नाही. ते घराचे स्वतःबद्दलचे मत असते. एखादी गवई बाई साठ वर्षे गाते आणि आपण तिच्या पंचविशीतल्या दोन ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा लावतो, तेव्हा उरलेल्या वर्षांचा आपण अपमान करतो असे तिलाही वाटत नसावे. उत्तमाची ओढ वाईट नव्हे. ओढ कुठे वाईट होते? मला वाटते, ज्या दिवशी आपण न निवडलेल्या दिवसांना त्या वस्तूचा दोष समजू लागतो, तिथे.

२०१९ च्या डिसेंबरात, मी परत आल्यावर महिनाभराने, जगभरच्या वर्तमानपत्रांत कोरड्या काळ्या भिंतीची छायाचित्रे छापून आली. धबधबा आटला, असे मथळे होते. मला ती भिंत ओळखीची होती. तिथले हॉटेलवाले, होडीवाले, वाटाडे संतापले. त्यांचे म्हणणे, ही पूर्वेची बाजू दर वर्षी याच सुमारास कोरडी पडते. शिवाय त्या बाजूचे काही पाणी वीज करण्यासाठी वरच्या वरच वळवून नेलेले असते. पश्चिमेला पाणी पडतेच आहे. अर्धेच दाखवून आमच्या पोटावर पाय देऊ नका. हे खरे होते. आणि त्या वर्षीचा प्रवाह १९९५ नंतरचा सर्वांत कमी होता, हेही खरे होते. एका बाजूला सर्वांत वाईट दिवसावरून नदीची परीक्षा करणारे, दुसऱ्या बाजूला चांगल्या दिवसांच्या चित्रांवर पोट असणारे, मध्ये नदी. तिच्या काठी राहणाऱ्यांना या वादाशी फारसे कर्तव्य नसावे. त्यांची विहीर खोल गेली होती आणि घरात अंधार होता. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत झांबियाच्या सरकारने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली, तेव्हा मथळ्यांत धबधबा नव्हता. दुष्काळ चित्रात नीट मावत नाही.

याच नदीच्या वरच्या अंगाला, मघाशी सांगितलेल्या बारोत्सेच्या मैदानात, लोझी लोक राहतात. पूर येऊ लागला की त्यांचा राजा, लितुंगा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या नावेत बसून लेआलुई ही सखल राजधानी सोडतो आणि उंचावरच्या लिमुलुंगाला जातो. वल्ही मारणाऱ्यांचा ताफा, नगारे, काठावर लोटलेली माणसे. मोठा सोहळा असतो. त्याला 'कुओम्बोका' म्हणतात, म्हणजे पाण्यातून बाहेर पडणे. पाणी उतरले की परत खाली. सोहळ्याचा दिवस पाणी ठरवते; पाणी पुरेसे चढलेच नाही तर त्या वर्षी सोहळाच होत नाही. दोन ऋतू, म्हणून दोन राजधान्या. यांतली चांगली कोणती, असे लितुंगाला कुणी विचारले असेल का, याचे मला कुतूहल आहे. विचारले असते तर तो बहुधा सभ्यपणे दुसऱ्या विषयाकडे वळला असता.

वाटाड्याबरोबरचे राहिलेले बोलणे सांगायचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच कोरड्या कड्याशी सावली शोधून बसलो होतो. मी त्याला विचारले, "तुम्हांला स्वतःला कोणता महिना आवडतो?" धंद्याचे ठराविक उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. तो जरा वेळ घेऊन म्हणाला, "नोव्हेंबर."

"नोव्हेंबर? पण तेव्हा तर धबधबा सगळ्यांत रोडका असतो."

"असतो. पण तेव्हा त्याच्याकडे कोण बघतो?"

त्याचे घर कालोमोच्या बाजूला होते. आईवडील मक्याची शेती करीत. नोव्हेंबरात पहिला पाऊस झाला की मका पेरायचा, एप्रिल-मेमध्ये काढायचा. मधले महिने कठीण. जानेवारीपासून कणगीचा तळ दिसू लागतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, नदी फुगत जाते तेव्हा, घरात माणशी मोजून शिजवतात. "तुम्हां लोकांना तेव्हाचे पाणी फार आवडते," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. गिऱ्हाइकाची आवड सांगावी तसे त्याने सांगितले. आदल्या वर्षी त्यांचा मका उभ्याने वाळून गेला होता. यंदाचे बियाणे त्याने लिव्हिंगस्टनमधून विकत घेऊन, खोलीत पलंगाखाली ठेवले होते. पहिल्या सरी पडल्याचे घरून कळले की चार दिवसांची रजा काढून तो ते घेऊन जाणार होता.

भाच्याने घड्याळ पाहिले. सीमा ओलांडून पलीकडच्या बाजूने पाणी पाहायचे होते, उन्हे चढत होती. आम्ही उठलो. वाटाड्या मात्र तसाच मान वर करून, वायव्येकडे कापसाच्या एवढ्याशा पुंजक्यासारखा एक ढग आला होता तिकडे पाहत राहिला. तो पावसाचा आहे का, असे मी विचारले. "नाही," तो म्हणाला, "अजून पंधरा दिवस तरी."